चौबगला

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, जिथे मे महिन्यातही
बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो,
मी शिवते.
मशीन हाताने फिरवायचं, सासऱ्यांच्याही आधीचं.
सुई मोडली की पुढच्या बाजारापर्यंत हातशिवण.

परवा बिश्केकहून एक मुलगी आली वही घेऊन.
या त्रिकोणांचा अर्थ काय, म्हणाली.
डोंगर का? मेंढ्याची शिंगं? दृष्ट लागू नये म्हणून?
म्हटलं, बाई गं, बाही बेतली की कोपरा उरतो,
आणि कोपरा त्रिकोणीच उरतो.
तिने तेही लिहून घेतलं.

गोधडीला खाली जुना पडदा, मध्ये धुऊन पिंजलेली लोकर,
वर जे घरात असेल ते.
टाका बारीक, पोराच्या पायाचा अंगठा अडकू नये इतका.
मळखाऊ रंग पायाकडे.
आणि तिघं एकाखाली झोपणार असतील
तर रुंदीला एक वीत जास्त,
नाहीतर रात्रभर ओढाताण, आणि कडेचा खोकतो.

फेब्रुवारीत जिपाराला मुलगा झाला.
पहिला सदरा मीच शिवला, कडा न दुमडता,
नव्वदीतल्या सुयुंबाय आजोबांच्या विरलेल्या अंगरख्यातून.
तो आधी कुत्र्याच्या गळ्यात घालायचा, मग बाळाच्या,
अशी आमच्यात रीत.
कुत्रा दोन मिनिटं अगदी शहाण्यासारखा बसला.

दुसरा सदरा चाळिसाव्या दिवसाचा.
चाळीस घरांचे चाळीस तुकडे.
आमच्या गावात घरं सदतीस,
त्यातल्या सहांना कुलपं, माणसं मॉस्कोत.
मग मोजणी जराशी सैल केली:
ज्या सुनेने वेगळी चूल मांडली तिचं वेगळं घर धरलं,
शाळा हे एक घर, दवाखाना एक,
बसच्या ड्रायव्हरने खिडकीचा पडदाच कापून दिला,
म्हणाला, मी राहतो तर इथेच.
चाळीस भरले.

झुउराकडे मी गेले नव्हते.
तिचा एर्मेक नदीत गेला त्याला तीन वर्षं झाली.
असल्या घरचं कापड बाळाच्या अंगाला लावत नाहीत,
हे मला माहीत, तिलाही माहीत.
तरी ती आली. दारातच उभी राहिली, गालोश न काढता.
हातात निळ्या चौकड्यांचा तुकडा,
धुतलेला, इस्त्री केलेला,
चार बोटं लांब, चार बोटं रुंद.
शाळेच्या शर्टाचा असावा. मी विचारलं नाही.
म्हणाली, चाळीस भरले का?

माझ्या मांडीवर सदरा होता, बटणं तेवढी राहिलेली.
म्हटलं, एक कमी पडतोय.

ती गेल्यावर दिवा जवळ ओढला.
डाव्या काखेतला चौबगला उसवला,
बसचा पडदा होता तो, ड्रायव्हरला काय कळणार,
आणि तिथे निळा बसवला.
दुहेरी शिवण घातली. काखेतच पहिलं उसवतं.
चौबगला दिसत नाही,
पोराने हात वर केला तरच.
पण पोर उचलताना सगळे हात तिथेच घालतात.

चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे कोमट पाणी,
मग सदरा. बाळ रडलं, मग झोपलं,
मग या मांडीवरून त्या मांडीवर.
झुउराची पाळी आली तेव्हा मी
कात्री शोधत होते. कात्री खिशातच होती.

महिन्याभरात सदरा आखूड झाला.
मुलगा बाळसेदार आहे, दूध चांगलं.
आता तो सदरा पेटीत, कडुनिंबासारखं काहीतरी कडू
पानं घालून ठेवलाय, पुढच्या बाळासाठी.

वहीवाल्या मुलीचं पत्र आलं परवा.
अजून काही अर्थ आठवले तर कळवा, म्हणते.
कळवते.
आधी सुया पाठव म्हणावं, नव्वद नंबरच्या,
आणि पांढरा दोरा, जाड.